घोडे नेमके कुठे पेंड खाते?

वाचकहो, एखादे काम मध्येच अडले, की आपण सहज म्हणून जातो, 'घोडे कुठे पेंड खाते ते पाहिले पाहिजे.' असे म्हणताना आपल्या मनात घोडाही नसतो आणि पेंडही नसते. अडचण नेमकी कुठे आहे, एवढेच विचारायचे असते. आज मात्र या शब्दांतल्या घोड्याला मी खराखुरा घोडा समजणार आहे. तो लंगडू लागला, चंदी टाकून कोपऱ्यात उभा राहिला, घाम फुटून लोळू लागला, तर त्याचे नेमके काय बिघडले हे ओळखायचे कसे?

आपण डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कुठं दुखतंय?' निम्मे निदान या प्रश्नाच्या उत्तरातच असते. घोड्याच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न बाद होतो. तान्हे मूल निदान रडून तरी घर डोक्यावर घेते. घोडा तेही करीत नाही. तो मूळचा मोकळ्या माळावर कळपाने राहणारा प्राणी. त्या माळावर जो लंगडला त्याच्यावर लांडग्यांची नजर पहिली पडली. तेव्हा दुखणे होता होईतो लपवायचे, ही खोड त्याच्या रक्तातच मुरलेली आहे. माणसाने त्याला पागेत आणून बांधले, म्हणून ती काही गेली नाही.

मी पशुवैद्य नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस आहे. मग हा विषय माझ्याकडे कसा, असे तुम्ही विचाराल. साक्षीदार मुका, शिवाय तो लपवाछपवी करणारा, आणि तरीही त्याच्याकडून सत्य काढून घ्यायचे, असा खटला तर्काच्या अभ्यासकाला मोह पाडणारच. आज या कामी क्ष-किरण आहेत, सोनोग्राफी आहे, एम.आर.आय. आहे, रक्ताच्या नाना चाचण्या आहेत. पण या साऱ्या यंत्रांविषयी वाचताना माझ्या मनावर एक गोष्ट ठसली. यंत्र उत्तर देते, पण विचारलेल्या प्रश्नाचेच देते. प्रश्न नीट घालायचे काम माणसाचे डोळे, हात आणि डोके यांनाच करावे लागते.

आधी, एवढा खटाटोप कशासाठी, ते पाहू. माणसाचे तंगडे मोडले तर प्लास्टर घालून तो खाटेवर पडून राहतो, पेपर वाचतो, भेटायला येणाऱ्यांना हकीकत सांगतो, आणि दोन-तीन महिन्यांनी चालू लागतो. घोड्याला ही चैन परवडत नाही. पाचशे किलोंचे धूड दिवसचे दिवस आडवे पडून राहिले, तर स्नायू आणि फुप्फुसे त्याच्याच वजनाखाली चेपू लागतात. त्याला उभे राहणे भागच असते. आणि तो तीन पायांवर उभा राहिला, की मोडलेल्या पायाचा भार समोरच्या चांगल्या पायावर पडतो. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असते. ते खुराच्या कवचाला पानांसारख्या पातळ पदरांनी टांगलेले असते. सतत भार पडला, की या पदरांचा रक्तपुरवठा बिघडतो, ते सुजतात, सुटू लागतात आणि आतले हाड खाली सरकते. याला लॅमिनायटिस म्हणतात. थोडक्यात, एक पाय वाचवायला जावे तर दुसरा जातो.

अमेरिकेतल्या बार्बारो नावाच्या घोड्याची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००६ च्या मे महिन्यात त्याने केंटकी डर्बी जिंकली. दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याच्या उजव्या मागच्या पायाचे हाड अनेक ठिकाणी मोडले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शल्यविशारदांनी धातूची पट्टी आणि स्क्रू घालून तो पाय बांधून काढला. पैशाला तोटा नव्हता आणि कौशल्यालाही नव्हता. मोडलेला पाय सुधारूही लागला. पण जुलैत डाव्या मागच्या खुराला लॅमिनायटिस झाला, पुढे तो पुढच्या दोन्ही खुरांना झाला, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्या घोड्याला कायमचे झोपवावे लागले. मोडलेले हाड जोडण्यापेक्षा मोडू पाहणारे हाड वेळीच ओळखणे घोड्याच्या बाबतीत किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

बरे, तर ओळखायचे कसे? बिरबलाच्या नावावर खपणारे एक कोडे आपण लहानपणी ऐकलेले असते. भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्हींचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. घोड्याच्या तपासणीची सुरुवातही नेमकी फिरवण्यापासून होते. मोतद्दार लगाम सैल धरून घोड्याला सरळ, सपाट, टणक जमिनीवरून दुडक्या चालीने पळवत नेतो आणि परत आणतो. वैद्य बाजूला उभा राहून पाहतो. दुडकीच का? या चालीत पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरप्या बाजूचा मागचा पाय एकदम टेकतात, मग दुसरी जोडी टेकते. डाव्याउजव्यांवर भार सारखा पडतो, त्यामुळे जरासा फरकही नजरेत भरतो.

पाहायचे असते ते पायाकडे नव्हे, डोक्याकडे. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकला, की घोडा डोके वर उचलतो आणि त्या पायावरचा भार हलका करतो. चांगला पाय टेकला, की डोके खाली येते. म्हणजे डोके डाव्या पायावर खाली जात असेल, तर दुखणे उजव्या पायात. नवखा माणूस नेमके उलटे सांगतो. मागच्या पायांसाठी पुठ्ठ्यांकडे पाहायचे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. घोड्याचे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते, त्यामुळे पुढचेच पाय अधिक दुखावतात. अगदी बारीक लंगड असेल, तर अनुभवी वैद्यांचेही आपसांत एकमत होत नाही. म्हणून आता घोड्याच्या डोक्यावर आणि पाठीमागे छोटी संवेदक यंत्रे लावून त्या हालचालींचे मोजमाप घेतात. पण यंत्र मोजते तेही डोळा जे पाहत होता तेच.

डोळ्यानंतर पाळी येते हाताची. पायावरून हात फिरवला, की एखादी जागा गरम लागते, कुठे सूज हाताला येते. खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवले, की तिथली नाडी लागते. एरवी ती मंद असते. खुरात दाह असेल तर ती ठणठण उडत असते. मग सांडशीसारखा मोठा चिमटा घेऊन खूर जागोजागी दाबून पाहतात. घोडा पाय हिसकावतो, ती जागा दुखरी. काल धडधाकट असलेला घोडा आज अचानक पाय टेकवीनासा झाला, तर अनेकदा कारण अगदी साधे निघते. खुरात खडा किंवा खिळा रुतून पू झालेला असतो, किंवा नालेचा खिळा आत जिवंत भागाला लागलेला असतो. नालबंदाने किंवा वैद्याने ती जागा उघडून पूला वाट करून दिली, की काम झाले. इथे लाखोंच्या यंत्राचे काहीच काम नाही.

पण प्रत्येक दुखणे इतके सरळ नसते. पाय कोणता ते कळले, पण पायातली जागा कोणती ते कळले नाही, तर? इथे पशुवैद्यांनी एक सुरेख युक्ती काढली आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती तर्काचा नमुना म्हणून सांगतो. पायाच्या अगदी खालच्या मज्जातंतूजवळ बधिर करणाऱ्या औषधाची सुई द्यायची. पाचदहा मिनिटे थांबायचे आणि घोड्याला पुन्हा दुडकवायचे. लंगड थांबली, तर दुखणे त्या बधिर भागातच होते. नाही थांबली, तर एक पायरी वर चढायचे, वरचा मज्जातंतू बधिर करायचा आणि पुन्हा पाहायचे. खालून वर जायचे, वरून खाली नाही. कारण वरचा तंतू आधी बधिर केला, तर खालचे सगळेच बधिर होईल आणि काहीच कळणार नाही. एकेक शक्यता बाद करीत खऱ्या कारणापर्यंत पोहोचण्याची ही रीत आहे. घोडा बोलत नाही, पण त्याला 'इथं का? नाही? मग इथं का?' असे विचारता येते, आणि तो चालून उत्तर देतो. हाड तडकल्याचा संशय असेल, तर मात्र ही युक्ती करायची नसते. वेदना गेली म्हणून घोडा त्या पायावर जोर देईल आणि तडक गेलेले हाड पुरते मोडेल.

जागा कळली, की मग यंत्राकडे जायचे. यंत्रांत वडीलधारे क्ष-किरण. राँटजेन यांनी ते १८९५ च्या नोव्हेंबरात शोधले, आणि पुढच्याच वर्षी युरोपातले पशुवैद्य घोड्याच्या पायावर ते वापरून पाहू लागले होते. आज हे यंत्र गाडीत घालून तबेल्यापर्यंत नेता येते आणि चित्र क्षणात पडद्यावर उमटते. मात्र घोडा धरणाऱ्याने शिशाचा झगा घातलाच पाहिजे आणि आपले हात किरणांच्या वाटेत येऊ देता कामा नयेत. लॅमिनायटिसमध्ये खुरातले हाड किती फिरले, किती खाली सरकले, हे बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात स्वच्छ दिसते. त्यावरून नालबंदाला खूर कुठून आणि किती छाटायचा याचा नकाशाच मिळतो.

पण क्ष-किरणांचे चित्र म्हणजे शेवटी सावली. सावलीत वस्तूचा आकार कळतो, आतले सगळे कळत नाही. एकाच बाजूने घेतलेली सावली फसवते, म्हणून चार बाजूंनी चित्रे घ्यावी लागतात. केसाएवढी बारीक तडक गेली असेल, तर ती पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. दहाबारा दिवसांनी तडकेच्या कडा विरघळू लागतात, तेव्हा ती रेघ उमटते. म्हणूनच शहाणा वैद्य सांगतो, 'चित्र साफ आहे, पण घोडा बांधूनच ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू.' मालकाला वाटते, हा उगाच वेळ काढतो आहे. पण 'दिसले नाही' आणि 'नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. तेवढ्या दोन आठवड्यांत घोडा पळवला, तर पुढचे चित्र घ्यायची गरजच उरत नाही.

क्ष-किरणांना हाड दिसते, कंडरा दिसत नाहीत. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. असतात ते हाड आणि हाडामागून गेलेल्या दोरखंडासारख्या कंडरा. भरधाव पळताना पायामागची कंडरा आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहूनही अधिक ताणली जाते आणि तुटण्याच्या सीमेजवळ जाते. ती आतून फाटली, तर बाहेर थोडी सूज येते, जरा गरम लागते, आणि चार दिवसांत घोडा बरा चालूही लागतो. मोतद्दार म्हणतो, 'साहेब, उतरलं सगळं.' इथे सोनोग्राफी उपयोगी पडते. माणसाला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे, हे तत्त्व आपल्या दवाखान्यांतून सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. धड कंडरा पडद्यावर उजळ दिसते. फाटलेली असेल, तर मधोमध काळे भोक दिसते. ते भरून यायला नऊ महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बाहेरची सूज आठवड्यात जाते, आतले भोक वर्षभर राहते. ही तफावत डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही. यंत्राने माणसाच्या पुढे जायचे असते ते अशा ठिकाणी.

याच सोनोग्राफीचे आणखी एक काम आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. तिच्या पोटात जुळी राहिली, तर बहुधा दोन्ही शिंगरे हातची जातात आणि कधी घोडीचाही जीव जातो, कारण तिच्या गर्भाशयात दोघांना पोसण्याइतकी जागा नसते. १९८० च्या सुमारास घोड्यांसाठी सोनोग्राफी वापरात आली. तेव्हापासून फळल्यानंतर चौदा-पंधरा दिवसांतच दोन गर्भ आहेत का, हे पाहता येते आणि एक गर्भ दाबून नाहीसा करून दुसरा वाचवता येतो. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ एका जागी स्थिर होतात. ते एकमेकांना लागून बसले, तर हे काम फार अवघड होते. म्हणजे इथे प्रश्न कोणता विचारायचा, याच्याइतकेच तो कोणत्या दिवशी विचारायचा, यालाही महत्त्व आहे.

आता राहिली खुराच्या आतली दुखणी. खूर म्हणजे बंद पेटी. ध्वनी त्या कवचातून नीट जात नाही आणि क्ष-किरणांना आतले हाड तेवढे दिसते. खुराच्या मागच्या भागात दुखणे असले, की त्याला वर्षानुवर्षे एकच ठरीव नाव दिले जाई आणि सगळा दोष तिथल्या एका छोट्या हाडावर टाकला जाई. मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारे एम.आर.आय. यंत्र १९९० नंतरच्या दशकात घोड्यांसाठी वापरू लागले, तेव्हा दिसले, की पुष्कळ घोड्यांत गुन्हेगार ते हाड नव्हतेच. त्याच्यामागून जाणारी कंडरा फाटलेली होती. पुढे २००० नंतर घोडा उभा असतानाच त्याचा पाय चुंबकात ठेवून चित्र घेण्याची सोय झाली. हिचे महत्त्व मोठे आहे. पूर्ण भूल दिलेल्या घोड्यांपैकी शंभरात सुमारे एक दगावतो. माणसांत हे प्रमाण कितीतरी पटींनी कमी आहे. भुलीतून उठताना धडपडून नवा पाय मोडून घेणारे घोडेही असतात. केवळ चित्रासाठी जिवावरचा धोका पत्करायचा का, हा प्रश्न उभ्या तपासणीने पुष्कळसा सोडवला.

हाडांचे दुखणे नेमके कुठे आहे तेच कळत नसेल, तर आणखी एक उपाय आहे. टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सर्गी द्रव्याची सुई शिरेत देतात. जिथे हाडाची झीज आणि दुरुस्ती जोरात चालू असते तिथे ते द्रव्य जाऊन साठते, आणि विशेष कॅमेऱ्यात ती जागा चमकून उठते. दर सहा तासांनी या द्रव्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो, म्हणून घोड्याला एखादा दिवस वेगळे ठेवले, की भागते. पुठ्ठ्यासारख्या मांसल भागात क्ष-किरणांना जे कठीण जाते ते इथे साधते.

या साऱ्याचा खरा कस लागला तो शर्यतीच्या मैदानांवर. भरधाव घोड्याच्या पुढच्या एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या अडीच पट भार पडतो. कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मैदानांवर मरण पावलेल्या घोड्यांची शवचिकित्सा १९९० पासून नेमाने होते. तिच्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. 'अचानक' मोडलेली बहुतेक हाडे अचानक मोडलेली नव्हतीच. त्या जागी आधीपासून बारीक जखमा होत्या, त्या भरून येण्याआधीच घोडा पुन्हा पळवला गेला होता. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जूनपर्यंतच्या हंगामात तिथल्या सांता अनिता मैदानावर तीस घोडे मेले आणि मोठा गदारोळ उडाला. त्यानंतर २०१९ च्या अखेरीस तिथे उभ्या घोड्याच्या पायाचे पेट स्कॅन घेणारे यंत्र बसवण्यात आले. ऑस्ट्रेलियात २०२० च्या मेलबर्न कप शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक हा इंग्लंडची डर्बी जिंकलेला घोडा पाय मोडून गेला. पुढच्या वर्षापासून त्या शर्यतीत उतरणाऱ्या घोड्यांना पायांचा सी.टी. स्कॅन सक्तीचा झाला. घोडा लंगडत नसतानाही त्याला विचारायचे, 'बाबा रे, आत काही तडकलंय का?' ही नवी रीत आहे. आणि तिने उत्तर 'होय' दिले, तर कोट्यवधींची शर्यत सोडून देण्याची तयारी मालकापाशी असायला हवी. ती नसेल, तर यंत्र बसवून काय उपयोग?

पायांवरून आता रक्ताकडे येऊ, कारण या प्रकरणात आपल्या देशाचे नाव मोठे आहे. १८८० साली डेरा इस्माइल खान येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, लष्कराचे घोडे आणि उंट 'सर्रा' नावाच्या रोगाने झिजून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने त्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी ते रक्त निरोगी जनावरांत घालून पाहिले, आणि ती जनावरेही आजारी पडली. हे जीवच रोगाचे कारण, हे म्हणणे सुरुवातीला अनेकांना पटले नाही. पण इव्हान्स बरोबर होते, आणि त्या जंतूला आज त्यांचेच नाव आहे. सर्राचा ताप चढउतार करतो, आणि जंतूही रक्तात कमीजास्त होतात. ताप नसताना घेतलेल्या थेंबात काही दिसले नाही, म्हणून घोडा सुटला असे होत नाही. हा रोग माणसाला होत नाही अशी समजूत होती. पण २००४ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हेच जंतू सापडले. आपल्या रक्तातले एक प्रथिन या जंतूंना मारते. या शेतकऱ्याच्या रक्तात ते नव्हते. औषधोपचाराने तो बरा झाला.

दुसरा रोग ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि व्रण, अशी त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या काही राज्यांत त्याने पुन्हा डोके वर काढले होते. रोगी घोड्यावर उपचार न करता त्याला मारावे लागते, असा नियम आहे. आता विचार करा. लग्नाच्या वरातीत घोडी नेऊन पोट भरणाऱ्या माणसाचे ते एकुलते एक जनावर आहे. दिसायला ते ठणठणीत आहे. आणि रक्ताच्या एका थेंबावरून त्याला मृत्युदंड होणार! सरकारी भरपाई मिळते, पण पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली घोडी भरपाईने परत येत नाही. म्हणूनच पहिली चाचणी होकारार्थी आली, तरी दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्यावाचून निकाल देत नाहीत. दोष असून सुटला, तर इतर घोडी आणि माणसे मरतील. दोष नसता सापडला, तर एका गरिबाचा संसार बुडेल. चाचणी घेणाऱ्याच्या मनावर या दोन्ही गोष्टींचे ओझे असते.

आता शेवटचे आणि सर्वांत घाईचे दुखणे, पोटशूळ. घोड्याला ओकारी होत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेले उलट येत नाही. पोट तुंबले तर ते फुटायची पाळी येते. वैद्य नाकातून जठरापर्यंत नळी घालतो ती उपचारासाठी तर खरीच, पण निदानासाठीही. नळीतून भडाभडा पाणी आले, तर आतडे पुढे कुठेतरी बंद झाले असल्याचा संशय बळावतो. सोनोग्राफीने फुगलेली आतडी दिसतात. पोटातल्या पाण्याचा नमुना लालसर निघाला, तर आतड्याचा एखादा भाग मरत असावा, असे वाटू लागते. इथे सारा प्रश्न एकच असतो, औषधावर भागेल की पोट उघडावे लागेल? आणि उत्तर द्यायला दिवस नसतात, तास असतात.

आणि या तासांचा हिशेब वैद्य येण्याआधीच सुरू झालेला असतो. म्हणून घोडा बाळगणाऱ्या प्रत्येकाला, तो महालक्ष्मीच्या मैदानाशेजारचा असो, की मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या लाल मातीतला असो, चार आकडे पाठ असावेत. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस, श्वास आठ ते सोळा, ताप साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस. चौथी गोष्ट आकड्याची नाही, रंगाची : हिरड्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. घोडा लोळतो आहे आणि नाडी साठच्या पुढे गेली आहे, एवढे फोनवर सांगता आले, तर वैद्य हातातले काम टाकून निघतो. 'घोडा जरा बेचैन वाटतो' एवढेच सांगितले, तर तो बापडा काय समजणार? आणि आजाराच्या दिवशीच पहिल्यांदा नाडी पाहणाऱ्याला तिच्यातला फरक कसा कळेल? म्हणून घोडा ठीक असतानाच तिची ओळख करून घ्यावी. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी रक्तवाहिनी बोटाखाली धरायची आणि घड्याळात पाहायचे, यापलीकडे काही करावे लागत नाही.

यंत्रांविषयी एक सावधगिरीचा शब्द सांगून पुरे करतो. जितकी बारीक चित्रे काढाल, तितक्या खुणा अधिक दिसतील. बारा वर्षे तांगा ओढलेल्या घोड्याच्या सांध्यांत झिजेची एकही खूण नाही, असे कसे होईल? पण दिसलेली प्रत्येक खूण म्हणजे आजचे दुखणे नव्हे. ज्या जागेला बधिर केल्यावर लंगड थांबली होती, त्याच जागी चित्रात दोष दिसला, तरच दोन साक्षी जुळल्या असे म्हणायचे. एरवी आपण उपचार करतो तो चित्रावर, आणि घोडा बिचारा तसाच लंगडत राहतो.

घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे पूर्वी सालोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्र या प्राचीन आचार्यांच्या नावावरून आला. त्या सालोत्र्यापाशी यापैकी एकही यंत्र नव्हते. होते ते डोळे, हात आणि घोड्याशी रोजचा सहवास. आजच्या वैद्यापाशी यंत्रे आहेत, आणि ती असावीत, ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर वापरावीत. पण उद्या सकाळी खरारा करताना मोतद्दाराने चारही पायांवरून एकदा सावकाश हात फिरवला आणि डावा पाय कालच्यापेक्षा गरम लागतो असे मालकाला येऊन सांगितले, तर त्या घोड्याची तपासणी तिथेच सुरू झाली असे समजावे. मालकाने ते कानाआड केले, तर पुढची सारी यंत्रे म्हणजे वरातीमागून घोडे!